मोटारीला दोन इंच मार्जिन

टेलरच्या दुकानात माप द्यायला गेलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी हमखास मिळायच्या. एक ढगळ पँट आणि दुसरी माशांची गोष्ट!

"माझ्या हाताला मासा लागतो म्हणजे लागतोच!" गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप गुंडाळता गुंडाळता टेलर सांगायचा. "काठी कुठलीही द्या, गळ कुठलाही द्या, हात लागतो हात! हे बघा!" आणि गिऱ्हाइकाला तसंच अर्धवट मापलेलं सोडून तो भिंतीवरचे फोटो दाखवायला जायचा. बारा फोटो होते. प्रत्येकात टेलर एकटा, हातात मासा, छाती दोन इंच पुढे. हे फोटो काढले कुणी, हा प्रश्न मात्र कुणाला सुचत नसे. ते काढले होते त्याच्या थोरल्या भावाने, दादाने.

तर प्रकार असा होता. होडी संथ चालवायची, मागे लांब दोरीला नकली मासा बांधून तो पाण्यातून ओढत न्यायचा, आणि खरा मासा फसतो का याची वाट बघायची. चाळीस वर्षं, दर रविवारी सकाळी, दोघं भाऊ गावाबाहेरच्या तलावात हेच करत होते. दादा मधल्या फळीवर बसून वल्हवायचा. टेलर मागच्या टोकाला काठी धरून बसायचा आणि मासा लागला की आरडाओरडा करायचा. कामाची वाटणी फार जुनी होती, आणि तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

मग दादाच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, वल्हं विसरा.

"बरंच झालं," दादा म्हणाला. "मला तसाही कंटाळा आला होता."

टेलरने एकदा स्वतः वल्हवून बघितलं. अर्धा तास त्याने होडी एकाच जागी गोल गोल फिरवली आणि घरी येऊन पाठ शेकत बसला. त्यानंतर होडी दादाच्या परसात पालथी पडली, आणि रविवारी दादा खिडकीपाशी खुर्चीत बसून राहू लागला.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका सकाळी वहिनी टेलरच्या घरी आल्या. दोन्ही घरांच्या मध्ये एक कंबरभर उंचीची भिंत होती आणि तिला एक फाटक होतं, त्यामुळे येणं-जाणं सतत चालू असायचं. पण आज वहिनींचा चेहरा उतरला होता.

"भावोजी, आज वर्तमानपत्रात पहिल्या पानावर चूक होती. फोटो एकाचा आणि खाली नाव दुसऱ्याचं! मला दिसली. यांनाही दिसली. आणि यांनी काही केलं नाही हो! पान उलटलं!"

दादाने छत्तीस वर्षं छापखान्यात मजकूर तपासायचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावरही कानामागे लाल पेन्सिल अडकवल्याशिवाय तो चहाला बसत नसे. लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, दादाने तिच्यावर लाल खूण केली नाही असं झालं नव्हतं. त्या माणसाने पहिल्या पानावरची चूक तशीच सोडली!

"पेन्सिल कुठाय त्याची?"

"खणात टाकलीय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्याच दिवशी टेलरने बायकोसमोर प्रतिज्ञा केली. "होडीला मोटार लावतो! बॅटरीवर चालते, छोटी येते. वल्हवायला नको, खांदा दुखायला नको. येत्या रविवारी दादाला होडीत बसवतो की नाही बघ! आणि हे अगदी गुप्त ठेवायचं. त्याला एकदम चकित करायचं."

"तुम्ही आणि गुप्त?" बायको म्हणाली. "अहो, माझ्या वाढदिवसाची साडी तुम्ही मलाच दाखवून विचारलं होतंत, तिला आवडेल का म्हणून!"

पण टेलरने मनावर घेतलं होतं. दुपारी दादा झोपल्यावर तो टेप आणि मापाची वही घेऊन चोरपावलांनी परसात गेला. होडीच्या मागच्या फळीवर मोटार बसते एवढं त्याला ठाऊक होतं. फळी सरळ काठी लावून मापायची असते हे मात्र ठाऊक नव्हतं. त्याने ती माणसाची पाठ मापावी तशी, टेप अंगाबरोबर फिरवत फिरवत मापली. पंधराची फळी अठरा भरली! "छान बांधा आहे," असं म्हणून त्याने होडीला प्रेमाने थोपटलं. "अजून वीस वर्षं जाईल."

"भावोजी? काय करताय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला.

"मी? काही नाही! माप घेतोय."

"होडीचं?"

"हो ना. कपडा! म्हणजे कव्हर! धूळ बसते ना!" टेलरला घाम फुटला. वही छातीशी धरून तो फाटकातून जो पळाला, त्याने मागे वळून बघितलं नाही. तो गेल्यावर वहिनींनी काय विचार केला आणि संध्याकाळी दादाला काय सांगितलं, याची त्याला कल्पना असण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हजर! दुकानदार शांत स्वभावाचा माणूस होता. निदान टेलर आत येईपर्यंत तरी होता.

"किती माणसं बसणार?"

"दोन. मी सत्तर किलो, दादा पासष्ट. पण जेवल्यावरचं धरा. पंच्याहत्तर आणि सत्तर लिहा, आणि वर थोडं मार्जिन."

"बरं. होडीच्या मागच्या फळीची उंची?"

"अठरा इंच. पण तुम्ही वीस धरा. आणि आटण्याचे दोन, बावीस."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "मोटार आटत नाही हो."

"आधी सगळे असंच म्हणतात!"

"अहो, हा तीस इंची दांडा तुम्हाला भरपूर झाला. खाली पंखा, वर मूठ, मुठीत वेगाचं बटण. झालं."

"त्याहून लांब कुठला?"

"बेचाळीस इंची आहे. पण तो मोठ्या होड्यांना लागतो."

"तोच द्या. कमी पडलं तर जोड देता येत नाही, जास्त झालं तर दुमडता येतं. तीस वर्षं मी हेच करतोय."

"मोटार दुमडणार कशी?"

"दांडा वर सरकवता येतो ना? मग दुमडल्यासारखंच झालं!"

दुकानदाराने हात टेकले. मग दोरी निवडायची वेळ आली. टेलरने रिळावरून हातभर दोरी ओढली, बोटांवर ताणली, आणि दुकानदार नको नको म्हणेपर्यंत कचकन दातांनी तोडली! "उत्तम धागा आहे. हाच द्या." नकली मासे बघताना तो प्रत्येक मासा दारापाशी उजेडात नेऊन न्याहाळत होता. हा दोन धुण्यांत रंग सोडेल, तो फार भडक, या हिरव्याला अस्तर कुठलं लावणार! शेवटी दुकानदारानेच एक बोटभर लांबीचा चंदेरी मासा त्याच्या हातात ठेवला, आणि एक आखूड दणकट काठी.

"हा पाण्यात डुलत चालतो. पण ऐका, या प्रकारात सगळी जादू वेगात असते. होडी कशी चालते त्यावर मासा लागतो."

"वेग-बिग काही नसतं हो," टेलर मिशीत हसला. "हात लागतो हात!"

शनिवारी दुपारी घराच्याच पुढच्या खोलीतलं दुकान अर्धं बंद करून त्याने मोटार कापड कापायच्या टेबलाला घट्ट आवळली, बॅटरी जोडली आणि मुठीतलं बटण एकवर फिरवलं. पंखा मजेत फिरू लागला. "बस्स? एवढंच?" असं म्हणून त्याने बटण थेट पाचवर नेलं आणि पंखा जवळून बघायला तो खाली वाकला.

आता, टेलरच्या गळ्यात काय असतं? टेप!

टेपचं एक टोक पंख्याने पकडलं. सर्रकन टेप गळ्यातून निघाला आणि पंख्याभोवती गुंडाळला गेला, आणि जाता जाता त्याने टेबलावरची, शाळेतल्या मास्तरांची शिवून ठेवलेली पँट सोबत घेतली. दुपारी चारला न्यायला यायचे होते मास्तर! पँटचा एक पाय आत गेला, दुसरा पाय हवेत गरगर फिरत सुया, खडू, बटणांचा डबा, जे सापडेल ते उडवू लागला. "अगं बाई बंद करा ते!" म्हणून बायको आतून ओरडत आली आणि पँटची एक लाथ खाऊन परत आत गेली. टेलरने कशीबशी बॅटरीची वायर उपटली. सगळीकडे बटणांचा सडा पडला होता. मास्तरांच्या पँटचा डावा पाय उजव्याहून हातभर लांब झाला होता.

आणि दारात दादा उभा होता. डाव्या काखेत दोन्ही वल्ही.

"छोट्या," दादा म्हणाला. साठीला आलेल्या टेलरला जगात या नावाने हाक मारणारा हा एकच माणूस उरला होता. "होडी विकतोयस असं ही म्हणत होती. माप घेऊन गेलास म्हणे. मग ही वल्हीपण देऊन टाक. वल्ह्यांशिवाय कोण घेणार ती?"

"विकतोय? दादा! मी? होडी?" त्याने पँटमध्ये गुरफटलेल्या मोटारीकडे बोट केलं. "हे बघ! मोटार आणलीय! तुला आता वल्हवायला नको! काही म्हणजे काही करायला नको!"

दादा आत आला. त्याने मोटार नीट पाहिली. मुठीवरून हात फिरवला.

"छान आहे," तो म्हणाला. "चांगलं केलंस. म्हणजे आता तुझं माझ्यावाचून अडणार नाही."

आणि हसून, वल्ही भिंतीला टेकवून, तो निघून गेला. त्या हसण्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टेलरला वाटलं. एवढं माप घेतलं, सगळीकडे मार्जिन सोडलं, आणि त्या मोटारीने होडीतली दादाची जागाच खाऊन टाकली! तो बटणांच्या सड्यात मटकन बसला.

"अहो, असे बसून काय राहिलात?" बायको म्हणाली. "निदान ती पुस्तिका तरी वाचा. मोटार बंद कशी करायची ते लिहिलं असेल."

टेलरने खोक्यातली पुस्तिका काढली. चाळली. थांबला. पुन्हा चाळली. आणि मग उठून अनवाणीच फाटकाकडे धावला.

दादा खिडकीपाशी बसला होता.

"दादा, एक अडचण आहे. मोटारीच्या पुस्तिकेत सातव्या पानानंतर पुन्हा सातवंच पान आहे."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "असेल."

"दोन्ही पानांवर वेगवेगळं छापलंय."

"छोट्या, मला बरं वाटत नाहीये."

"आणि एक चित्र उलटं छापलंय. होडी वर आणि माणूस खाली."

स्वयंपाकघरात वहिनी हातातलं भांडं तसंच धरून कान देऊन उभ्या राहिल्या.

"उलटं?" दादाने विचारलं.

"अगदी उलटं."

"कसली माणसं नेमतात कोण जाणे! आण इकडे." दादाने हात पुढे केला. चार पानं उलटली आणि त्याच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली. "शी शी शी! हे असं घरात बसून तपासता येणार नाही. मोटार समोर चालू पाहिजे." तो आत वळून ओरडला, "अगं, माझी पेन्सिल कुठाय?"

"आणते!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी धावत जाऊन खण उघडला.

रविवारी सकाळी दोघं तलावावर पोचले. दादा मधल्या फळीवर, त्याच्या जुन्या जागी, पुस्तिका मांडीवर घेऊन बसला. टेलर मागे बसला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोटारीची मूठ. "बघ आता!" म्हणून त्याने बटण फिरवलं.

होडी जागची हलली नाही. खालून मात्र चिखलाचा एक जाड फवारा उसळला आणि टेलरच्या पाठीवर बसला. काठाजवळ पाणी गुडघाभर, आणि दांडा बेचाळीस इंच! पंखा तळाशी जाऊन चिखल घुसळत होता.

"काही हरकत नाही, दुमडतो!" टेलरने दांडा वर सरकवला. पंखा चिखलातून सुटला, पण आता मूठ चढली त्याच्या हनुवटीच्या वर. मग तो उभा राहिला आणि मूठ धरून डुगडुगत होडी हाकू लागला.

"पान सात," दादाने वाचलं. "मोटार चालू असताना उभं राहू नये."

"आणि दुसऱ्या सातव्या पानावर?"

"तिथे चित्र आहे. उभ्या माणसावर फुली मारलीय."

खोल पाण्यात आल्यावर दांडा खाली गेला, टेलरही खाली बसला. त्याने गळ सोडला आणि ऐटीत बटण पाचवर नेलं. होडी सुसाट सुटली. मागे चंदेरी मासा पाण्याच्या वर टणाटण उड्या मारत येऊ लागला.

"दादा! मासा! उडतोय बघ!"

"तो तुझाच आहे," दादा म्हणाला. "दुकानातला."

मग टेलरने वेग दोनवर आणला. होडी शहाण्यासारखी सरळ रेषेत चालू लागली. एक तास गेला. दोन तास गेले. एकदा पाणगवताचा भारा लागला. एकदा काहीच न लागता टेलर "लागला!" म्हणून ओरडला. नंतर तोही गप्प झाला. चाळीस वर्षांत असा रविवार उगवला नव्हता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हाताला झालंय तरी काय?

आणि तेवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं. दादाच्या हातात पुस्तिका होती, कानामागे लाल पेन्सिल होती, नजर पानावर होती. पण दादाचं अंग आपोआप हलत होतं. पुढे, मागे, आणि मग जराशी विश्रांती. पुढे, मागे, विश्रांती.

"दादा, काय करतोयस?"

दादा दचकला. लाजला. "काही नाही रे. या फळीवर बसलं की आपोआप होतं."

टेलरने मोटारीकडे बघितलं. ती बिचारी एकसुरी घरघरत होती. पुढे नाही, मागे नाही, विश्रांती नाही. आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. तो उजेड काही त्याला फारसा आवडला नाही.

"दादा," तो म्हणाला, "इकडे ये. मोटार तू घे."

"मी?"

"डावा हात पुरेल."

जागा बदलताना होडी इतकी कलली की पुस्तिका भिजली, बॅटरी सरकली आणि दोघं एकमेकांना मिठी मारून अर्धा मिनिट उभे राहिले. पानावरचा तो फुली मारलेला माणूस दुसरं काय करत असेल! मग दादा मागे बसला. डाव्या हाताने त्याने बटण फिरवलं, सोडलं, थांबला. फिरवलं, सोडलं, थांबला. होडी जराशी पुढे झेपावायची आणि मग पाण्यावर नुसती घसरत जायची. दोरी ताणायची, सैल पडायची. खाली तो चंदेरी मासाही तसाच पळत असणार आणि दमून खाली बसत असणार.

पाच मिनिटंही झाली नसतील.

"आला!" दादा म्हणाला.

टेलरला तेव्हा काही जाणवलंही नव्हतं. पुढच्या क्षणी काठी वाकली, रीळ किंचाळलं आणि पुढची दहा मिनिटं दोघं भाऊ इतके ओरडले की काठावरचे पक्षी उडाले. मासा होडीत आला तेव्हा टेलर धापा टाकत होता.

"दादा, म्हणजे इतकी वर्षं… तो हात माझा नव्हता?"

दादा मोटारीचं बटण चोळत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतका खूश असायचास रे," दादा म्हणाला. "मला तेवढ्यासाठीच यायला आवडायचं."

टेलरचे डोळे भरून आले होते, म्हणून तो वाकून माशाचं माप घेत बसला.

घरी आल्यावर फोटो निघाला. या वेळी तो टेलरच्या बायकोने काढला. दादा मासा धरायला तयार नव्हता, टेलरने तो त्याच्या हातात कोंबला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. "हात दादाचा आहे, बरं का!" त्याने मोठ्या मनाने जाहीर केलं. वहिनी आणि बायकोने एकमेकींकडे बघितलं.

"अहो, ते आम्हाला कधीपासून माहीत आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला कोण सांगणार?"

तेरावा फोटो दुकानात बरोबर मध्यभागी लागला. त्याच्याखाली टेलरने कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दादाने पकडलेला मासा. चौदा इंच.' बुधवारी मास्तर नवी पँट न्यायला आले, तेव्हा टेलर त्यांना त्या फोटोसमोर घेऊन गेला. "मास्तर, हात लागतो हात! आता हेच बघा ना…"

आणि तो थांबला. कागदावर कुणीतरी 'चौदा' खोडून त्याच्यावर 'बारा' लिहिलं होतं. लाल पेन्सिलने.

टेलर भिंतीपलीकडे तोंड करून ओरडला, "दादा! हे तू केलंस?"

"मार्जिन काढलं!" पलीकडून उत्तर आलं. "आणि रविवारी लवकर उठ. मागच्या वेळी उशीर केलास."

मास्तरांनी बारा इंचांचा मासा बघितला, मग आरशात आपली पँट बघितली, आणि म्हणाले, "टेलर, त्यांना जरा इकडे बोलावता का? तीच पेन्सिल घेऊन."